शेणींचा हुडवा आणि आमची वयं

त्या दिवशी हुडव्याजवळ कोण कोण हुतं ते आधी सांगून टाकते. बनाक्का हुती, आमच्यात सगळ्यात थोरली, खालच्या कानडी मुलखातली, मागं-म्होरं कुणी नसल्याली. हलिमाबी हुती, माझी भिंतीला भिंत लागून शेजारीण. गोदा हुती, तिचं आणि माझं नळावर एक दिस पटलं न्हाय. रखमा आणि वस्तीतल्या आठ-धा बाया हुत्या. देसाई मास्तर हुतं. आमच्या मंडळाचा शिक्का त्यांनीच करून आणल्याला, म्हणून तो खिशात घेऊनच हिंडायचं. कराच्या कचेरीतलं साहेब हुतं, आणि त्यांचा शिपाई, नाकाला रुमाल लावून. आणि मी, हौसाबाई, मंडळाची अध्यक्ष. अध्यक्ष का, तर आवाज मोठा.

आता ह्यातलं खरं-खोटं करायला फारसं कोण उरलं न्हाय. म्हातारपणाची तेवढी एक सोय हाय.

लिवणारी माझी नात हाय. मला सही येती, ती बी 'सा'पाशी अडकती. तवा चुका असतील त्या तिच्या आणि बढाया असतील त्या माझ्या.

मी शेणीवाली. शेणी म्हंजे तुमच्या गोवऱ्या. नदीकडंच्या वस्तीत आमचं घर. गवळ्यांच्या गल्ल्यांतनं पाटीनं शेण आणायचं, त्यात उसाचं चिपाड आणि भुस्सा कालवायचा, पायानं मळायचं आणि जमिनीवर थापायचं. वाळलं की उलटायचं, कडकडीत झालं की उभं रचायचं. सगळ्या शेणी रचून झाल्या की वरनं शेणाचाच गिलावा, आणि पावसाच्या आधी त्यावर उसाचं पाचट. त्या ढिगाला हुडवा म्हणत्यात. नीट रचल्याला हुडवा सगळा पावसाळा अंगावर घेतो आणि आतली शेणी पापडावाणी कोरडी ऱ्हाती. वंगाळ रचला की श्रावणात शेणीचं परत शेण.

गिऱ्हाइकं तर एकेक. तालमीतला एक पैलवान यायचा. एवढा रेड्यावाणी माणूस, शेणी उचलून कानाजवळ धरायचा आणि टिचकी मारायचा, जणू माठ घेतोय. वर म्हणायचा, "मावशी, ही म्हशीची वाटत न्हाय." मी म्हणायची, "म्हशीला बोलावते, तूच इचार." एक बाई हुत्या, त्यास्नी सगळ्या शेणी एका मापाच्या पायजेत. मी म्हणले, "बाई, माझा पंजा एका मापाचा हाय, पर माझं दिस न्हाईत."

माझा मालक गेला तो आखाडात. धार लागल्याली. आणि घरात बघते तर एक कोरडी शेणी न्हाय. जी हुती ती मी आदल्या दिवशीच हाटेलवाल्याला घालून आल्ते. भाव चांगला मिळाला म्हणून खुशीत घरी आल्ते बघा. सगळ्या पेठेच्या चुली पेटवणारी बाई, आणि स्वतःच्या माणसाला जाळाय शेणी न्हाय! आमच्याकडं मयताला शेणीच लागत्यात. माणूस घरात, आणि गोदाचा नवरा आणि हलिमाचा नवरा दारोदार कोरड्या शेणी मागत हिंडत्यात. हे माझ्या जल्माचं शहाणपण. रडायला बी लाज वाटली मला.

त्यातनं हा हुडवा निघाला. मी बायांस्नी म्हणले, दर शनिवारी जिनं तिनं एक बुट्टी, म्हंजे टोपलीभर, शेणी ह्या ढिगावर टाकायची. ती कुणाची न्हाय. जिच्या घरात मयत हुईल तिला गाडीभर शेणी मिळणार, मग पाऊस असो, दुष्काळ असो. देसाई मास्तर ऐकून उडालंच. "हौसाबाई, हा तर विमा हाय!" म्हणलं. मला वाटलं काय तरी आजार सांगत्यात. मग त्यांनी मंडळ केलं, शिक्का केला, पाटी रंगवली, आणि पाटीखाली मला उभी केली.

बनाक्का सगळ्यात नेमाची. भाकरी चुकवंल, पर शनिवारची बुट्टी चुकवणार न्हाय. तिला एकच भ्या. "मला बेवारशावाणी नगं न्हेऊ द्या," म्हणायची. "ओल्या लाकडावर, धुरात, घासलेट वतून. तसं नगं."

हलिमा पण दर शनिवारी टाकायची. गोदानं एकदा खवचटपणे इचारलं, "तुला काय गं उपेग ह्याचा?" हलिमा म्हणली, "तू जळशील तवा बघायला यीन की." पर तिची सासू गेली तवा खरंच प्रश्न पडला. सासूनं सात-आठ सालं बुट्टी टाकल्याली. तिला शेणी नकोत, कफन पायजे. कापडाच्या दुकानात शेणी कोण घेतंय? मग आम्ही तिच्या वाटणीची गाडी कुंभाराला विकली आणि कापड आणलं. सगळ्यास्नी बरं वाटलं. तिथंच चुकलं म्हणत्यात. चुकलं म्हंजे, विकली की तुमी व्यापारी झाला.

दुष्काळ सरून दोन-तीन सालं झाल्याली. कराच्या कचेरीतनं साहेब आलं. तरणं हुतं, बारीक, चष्मा. उन्हानं लाल झाल्यालं. खाली बसून त्यांनी आमास्नी नीट समजावलं, ते मी खोटं बोलणार न्हाय. म्हणलं, "मावशी, आधी ढीग केवढा बी असला, मयतासाठी हाय म्हणलं की चालायचं. आता नियम बदललाय. मंडळात माणसं किती, केवढ्या वयाची, कोण साधारण कधी जाणार, त्यावरनं किती माल राखून ठेवाय लागतोय त्याचा हिशोब करायचा. तेवढा राखीव. त्याच्यावर उरंल तो नफा. नफ्यावर कर. पुढच्या आठवड्यात मी येतो, हुडवा मोजतो आणि सगळ्यांची वयं घेतो."

मला त्यातलं, साहेब परत येणार, एवढंच कळलं.

आमच्यात मोठं माणूस येणार म्हणलं की बाया दोन गोष्टी करत्यात. सारवत्यात आणि नटत्यात. आम्ही हुडव्याला नवा गिलावा दिला. त्याच्या म्होरं रांगोळी काढली. शेणाच्या ढिगाम्होरं रांगोळी! जरीच्या काठाची लुगडी निघाली. गोदानं तर डोस्क्यात गजरा माळल्याला. बनाक्काच्या तोंडात एक बी दात न्हाय, तिनं बी कुकू मोठं लावलं.

साहेबांनी हुडवा मापला. मग कागद काढला आणि पहिल्यांदा मला इचारलं, "वय?"

मी सांगणार हुते. देवाशप्पत. पर म्होरं गोदा उभी, गजरा घालून. माझ्या तोंडातनं निघालं, "पस्तीस."

साहेबांनी लिवलं. गोदाकडं बघितलं. गोदा म्हणली, "तेहतीस."

ती आणि मी एकाच साली नांदायला आल्तो. तवा ती माझ्यापरास टाचभर उंच आणि दोन सालांनी थोरली. पर आता काय बोलणार? मी बोलले तर ती बोलणार. मग एकदा उतार लागला की गाडी थांबती व्हय? "बत्तीस." "एकतीस लिवा की." हलिमानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणली, "मी हिच्या पाठची." मागनं मास्तर खाकरत हुतं, "हौसाबाई, अहो खरं सांगा, ह्यात घोटाळा हुतोय." मी म्हणले, "मास्तर, तुमी शिक्का सांभाळा."

शेवटी बनाक्का. साहेब म्हणलं, "आजी, तुमचं?"

"पन्नास," बनाक्का म्हणली. आणि जरा इचार करून, "अजून पुरं न्हाईत."

शिपाई रुमालात हसला.

साहेबांनी तिथंच बसून हिशोब केला. म्हणलं, "तुमी सगळ्या तरण्या हाय. ह्या हिशोबानं पुढली पंचवीस-तीस सालं इथं कोण जात न्हाय."

मी म्हणले, "तुमच्या तोंडात साखर पडो, साहेब!"

साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, मला वाटलं मया आली त्यास्नी माझी. आता कळतंय ती कीव हुती. म्हणलं, "मग एवढ्या शेणी कशापायी? थोड्या राखीव. बाकी सगळा हुडवा नफा." कर भरंपर्यंत हुडव्याला हात लावायचा न्हाय, न्हाय भरला तर लिलाव, असा कागद त्यांनी लिवला. शिपायानं सुतळी गुंडाळली. कागद काय ओल्या गिलाव्यावर चिकटंना. तो बिचारा घामाघूम झाला. मग मीच घरातनं खळ आणून दिली, गव्हाच्या पिठाची, चांगली शिजवून. म्हणले, "ही लावा. उभ्या जल्मात निघणार न्हाय."

अशी अध्यक्ष.

साहेब गेल्यावर मास्तरांनी फोड करून सांगितलं, तवा मला कळलं. हात लावायचा न्हाय म्हंजे पाचट घालायचं न्हाय. गगनबावड्याकडं रोज दुपारी आभाळ काळं हुयाला लागल्यालं. एक जोराची सर झाली की नवा गिलावा वाहून जाणार, आणि लिलावाला साहेबास्नी चिखल मिळणार. कर भरायला कुणाकडं काय न्हाय. आणि त्याच आठवड्यात बनाक्का हातरुणाला खिळली. छातीत कफ. डॉक्टर म्हणलं, जपा.

नळावर गोदानं मला धरलं. "पस्तीस म्हणं! थोरला लेक मिशा पिळतोय घरात!"

"तू तेहतीस कशाला म्हणलीस?"

"तू पस्तीस म्हणलीस म्हणून!"

मी तशीच वळले. घागर न भरता घरी आले.

बनाक्काला आम्ही काय सांगितलं न्हाय. ती रोज सांजच्याला इचारायची, "हौसा, पाचट घातलं?" मी म्हणायची, "घालतोय की, अक्का." ती मान हलवायची. दुसऱ्या दिवशी परत, "पाचट घातलं?" दुसरं काय मागितलं न्हाय तिनं. पाणी बी न्हाय.

मी आणि हलिमा कचेरीत गेलो. दोघींस्नी बाकावर बसवलं. शिपायानं वळखलं, "काय, पस्तीस?" म्हणला. साहेबांनी आत बोलावलं.

"वयं खोटी दिली तुमी?"

"खोटी न्हाय साहेब. कमी दिली."

"फरक काय?"

मी म्हणले, "खोटं वय दुसऱ्याचं असतंय. ते माझंच हाय. जरा आधीचं."

साहेबांच्या व्हटाचा कोपरा हलला, पर बोलणं कडकच. "माझ्याकडं तुमीच सांगितल्यालं लिवलंय. बदलायला पुरावा पायजे. जल्माचा दाखला हाय?"

हलिमा म्हणली, "साहेब, आमच्यात आई सांगती तो दाखला. आणि आया तर सगळ्या गेल्या."

साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणलं, "सोमवारी येतो. जो काय पुरावा असंल तो हुडव्याजवळ उभा करा."

आम्ही खरंच उभा केला. मी थोरल्या लेकाला उभा केला, मिशांसकट, कडंवर नातू देऊन. साहेबांनी त्याला वय इचारलं. "बत्तीस," तो म्हणला. साहेबांनी जुना कागद बघितला, परत माझ्याकडं बघितलं. "म्हंजे तुमी तीन सालांच्या असताना झाला हा."

मास्तरसुद्धा हसलं. लेक लाजून मिशीत बोट घालून उभा.

मग जी ती आपापला पुरावा घेऊन पुढं. गोदानं लेकीची लेक आणली, तिचंच लगीन ठरल्यालं. एवढ्यावर थांबावं की न्हाय? एकीनं दम लागतोय म्हणून खाली बसून घेतलं. दुसरी कंबर धरून उभी. गोदा डोळं बारीक करून म्हणली, "साहेब, मला तर तुमी दिसत बी न्हाई." ही बया पलीकडच्या गल्लीतली शेणी कुणाची ते वळखायची! मी बी खोकून घेतलं थोडं. अध्यक्षानं मागं ऱ्हाऊन कसं चालंल.

साहेबांनी कागद गुंडाळला. म्हणलं, "त्या दिवशी सगळ्या नवऱ्या मुली. आज सगळ्या तिरडीवर. तवा कमी, आता जास्त. मी कशावर इस्वास ठेवू, सांगा."

बरोबरच हुतं ते. बावड्याकडनं वारं सुटल्यालं. पाचटाच्या पेंढ्या बाजूला तशाच पडल्याल्या.

तेवढ्यात माझा धाकटा आणि हलिमाचा लेक बाज उचलून घेऊन आलं. बाजेवर बनाक्का. तिला कुणी तरी हुडव्याचं सगळं सांगितलं, कुणी ते मला आजवर कळलं न्हाय. माझा हलिमावर संशय हाय. बाज हुडव्याजवळ ठेवली. बनाक्कानं आधी हुडवा बघितला, वर पाचट न्हाय ते बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

"साहेब," ती म्हणली, "मला वय ठावं न्हाय. पन्नास तर पन्नास. मला नंबर ठावा हाय. पहिली मला लिवा. ह्याच पावसात."

सगळ्यांचा खोकला थांबला.

साहेब तिच्याम्होरं खाली बसलं. ती बोट करून सांगाय लागली. "मग ती रखमा. पाय सुजत्यात तिचं. मग हलिमा. तिला शेणी नगं, कापड द्या, इसरू नगा. मग गोदा."

"मी कशापायी?" गोदाला ऱ्हावलं न्हाय.

"तुझं टकुरं तापतंय लई," बनाक्का म्हणली. मग बोट माझ्याकडं वळलं. "हिला शेवटाला ठेवा. हुडवा राखाय कोण तर पायजे की."

साहेबांनी ते तसंच लिवून घेतलं. मग त्यांनी त्याच नंबरानं एकेकीला वय इचारलं, आणि एकीनं बी कमी न्हाय की जास्त न्हाय. मी बी सांगितलं. तो आकडा मी मोठ्यानं पहिल्यांदाच बोलले. गोदानं ऐकला, आणि सांगायचं म्हंजे, तिनं परत कधी त्यावरनं टोमणा मारला न्हाय.

हिशोब झाला. साहेब म्हणलं, "नफा न्हाय. कुंभाराला विकली तेवढ्याचा थोडा कर भरा, बाकी काय न्हाय." आम्ही पदर सावरतोय तवर म्हणलं, "पर मावशी, आता ह्या वयांच्या मानानं राखीव माल कमी पडतोय. वाढवाय लागंल."

"म्हंजे अजून थापायच्या?"

"व्हय."

पस्तीसच्या हुतो तवर आम्ही मालदार. खरं वय सांगितलं आणि दिवाळं निघालं.

साहेबांनी स्वतः कागद काढायला घेतला. माझी खळ! निघंना. शेवटी वढला तर गिलाव्याचा पोपडाच हातात आला. "चांगली शिजवल्याली," साहेब म्हणलं. मी म्हणले, "तुमच्यासाठीच की." मग सगळ्यांनी मिळून तिथंच पाचट चढवलं. शिपाई बी आला पेंढ्या द्यायला, रुमाल गळ्यात पडल्याला. बनाक्का बाजेवरनं बघत हुती. शेवटची पेंढी बसली तवा तिनं इचारलं न्हाय. डोळं मिटून घेतलं आणि निवांत झोपली.

बोलली तशी ती त्याच पावसात गेली. मी हुडवा खालनं उघडला, एक शेणी काढली, त्या पैलवानावाणी कानाजवळ धरली आणि टिचकी मारली. खणखणली. गाडी मी माझ्या हातानं रचली. आमच्यात बाया घाटावर जात न्हाईत, तवा वळणापर्यंत गाडी बघितली. हलिमाच्या लेकानं येऊन सांगितलं, धूर सरळ वर गेला. तेवढं मला पुरं झालं.

पुढं नंबर काय तसाच चालला न्हाय. गोदा रखमाच्या आधी गेली. असती तर भांडली असती. नळावर आता माझ्याशी कोण बोलत न्हाय आणि पाणी बी बेचव लागतंय. हलिमाच्या येळंला आम्ही शेणी विकल्या न्हाईत. कापडवाल्याच्या घरात चूल हुती. त्यानं कफन दिलं आणि शेणी घेतल्या. ह्याला विक्री म्हणत्यात का काय, ते मी साहेबास्नी इचाराय गेले न्हाय.

मग घराघरांत गॅस आला. म्हशी गेल्या. सुनांनी शेणात हात घालावा असं मी म्हणणार बी न्हाय. माझ्या हातांचा वास अजून जात न्हाय, त्यास्नी कशाला? पाटी पडली, मास्तर गेलं, शिक्का कुणाच्या तरी खेळण्यात गेला. हुडवा ऱ्हायलाय, आमच्या घरामागं, कमरेएवढा. दर साली मी वर चढून पाचट घालायची. आता चढवत न्हाय. बनाक्कानं मला शेवटाला ठेवली, पर शेवटच्या बाईचा हुडवा कोण राखणार, ते तिनं सांगितलं न्हाय.

तवा वाचणाऱ्यांस्नी एवढंच सांगणं हाय. पावसाच्या आधी कुणाला सवड झाली तर यावं आणि चार पेंढ्या पाचट वर टाकावं. माझी बारी आली की वरच्या थराला हात लावू नका, तो ओला असंल. खालनं काढा. गाडीभर माझ्या. उरतील त्या विकू नका, परत कराचं साहेब यायचं. ज्याच्या घरात त्या दिवशी कोरडी शेणी नसंल, त्याच्या दारात न्हेऊन टाका, आणि त्याला कुठं हिंडायला लावू नका.